फर्स्ट बेस कोच आणि थर्ड बेस कोच: एक सांगतो, दुसरा ठरवतो

अमेरिकेत मुलाचं नाव लिटल लीगमध्ये, म्हणजे मुलांच्या बेसबॉल लीगमध्ये, घातलं की थोड्याच दिवसांत संघाच्या मॅनेजरचा निरोप येतो: असिस्टंट कोच म्हणून कोणी पालक मदत करेल का? हो म्हटलं की स्वयंसेवकाचा अर्ज, पार्श्वभूमीची तपासणी, आणि मग सामन्याच्या दिवशी त्या पालकाला बेसजवळच्या कोचिंग बॉक्समध्ये उभं केलं जातं. बेसबॉलमध्ये बॅटर चेंडू मारून तीन बेस क्रमाने गाठत होम प्लेटला, म्हणजे जिथून मारलं तिथेच, परत आला की धाव होते. त्या वाटेवर कोचसाठी आखलेले असे बॉक्स दोन असतात, एक फर्स्ट बेसजवळ, एक थर्ड बेसजवळ. बाकावरून पाहणाऱ्याला दोन्हीकडे सारखंच काही चाललेलं दिसतं: टाळ्या, हातवारे, "गो, गो!" प्रत्यक्षात ही दोन कामं वेगळी आहेत, आणि एकाच्या जागी दुसरं केलं की धावणारं मूल दोन बेसच्या मधे अडकून आऊट होतं.

फरक येतो तो चेंडू कुठे आहे आणि मुलाचं तोंड कुठे आहे यावरून. क्रिकेटमध्ये यष्टीमागे गेलेल्या चेंडूवर धाव घ्यायची की नाही हे नॉन-स्ट्रायकर सांगतो, कारण बॅट्समनला चेंडू दिसत नसतो. थर्ड बेस कोचचं काम त्याच जातीचं आहे. सेकंडवरून थर्डकडे धावणाऱ्या मुलाच्या पाठीमागे उजवं मैदान असतं. मान वळवून पाहिलं तर वेग जातो. म्हणून तिथे कोच ठरवतो आणि मूल ऐकतं. फर्स्टवर थांबलेल्या मुलाला मात्र सगळं मैदान दिसतं. त्याला हवी असते ती माहिती, आणि तीही चेंडू टाकला जाण्याआधी.

फर्स्ट बेसचं काम दोन टप्प्यांत होतं. पहिला टप्पा बॅटर धावत येतो तेव्हाचा. चेंडू इनफिल्डमध्ये (बेसच्या आसपासच्या आतल्या भागात) असेल तर "थ्रू, थ्रू!", म्हणजे वेग न कमी करता बेसच्या पुढच्या कडेवर पाय देऊन सरळ पुढे निघून जायचं. मुलं बेसवर थांबायला बघतात आणि शेवटच्या दोन पावलांत वेळ घालवतात. कित्येक आऊट नेमके तिथेच होतात. पुढे धावून गेलं तरी लगेच परत आल्यास टॅग करून (हातातला चेंडू अंगाला लावून) आऊट करता येत नाही. मूल कोणत्या बाजूला वळलं याने फरक पडत नाही, सेकंडकडे जाण्याचा प्रयत्न केला का एवढंच अंपायर पाहतो. चेंडू आउटफिल्डमध्ये (इनफिल्डपलीकडच्या भागात) गेला असेल तर "टर्न!", म्हणजे बेसवरून सेकंडकडे वळायचं. ही हाक मूल अर्ध्या वाटेवर असतानाच हवी. लिटल लीगच्या मेजर्स (बारा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या) विभागापर्यंत दोन बेसमधलं अंतर 60 फूट आहे, आणि वळण घेण्यासाठी मुलाला आधी थोडं बाहेर जावं लागतं. बेसजवळ पोचल्यावर दिलेल्या हाकेचा उपयोग नाही.

दुसरा टप्पा मूल बेसवर उभं राहिल्यावरचा, आणि नवे कोच इथेच कमी पडतात. "शाब्बास" म्हणून टाळी देतात आणि गप्प राहतात. प्रत्येक नव्या बॅटरआधी मुलाला हे सांगायला हवं: किती आऊट झालेत, पुढच्या बेसवर कोणी आहे का, जमिनीवरून चेंडू गेला तर लगेच धावायचं, सरळ, जोरात मारलेला हवेतला चेंडू असेल तर तो इनफिल्डच्या पलीकडे जाईपर्यंत जागेवरच थांबायचं, उंच उडाला तर थोडं पुढे जाऊन झेलाकडे बघायचं, आणि दोन आऊट असतील तर चेंडू बॅटला लागताच पळत सुटायचं. फर्स्ट आणि सेकंड दोन्हींवर, किंवा तिन्ही बेसवर, मुलं असतील आणि दोनपेक्षा कमी आऊट असतील तर इनफिल्ड फ्लायची (इनफिल्डमध्ये उंच उडालेल्या, सहज झेलता येणाऱ्या चेंडूच्या नियमाची) आठवण द्यावी. अंपायरने तसं पुकारलं की झेल सुटला तरी बॅटर आऊटच, मग बॅटरला जागा करून देण्यासाठी बेसवरच्या मुलांना धावण्याची सक्ती राहत नाही. सुटलेला चेंडू पाहून ती घाईने निघतात आणि एकाऐवजी दोन आऊट जातात.

टीव्हीवर मोठ्यांचे सामने पाहून आलेल्या पालकांचा एक गैरसमज होतो. तिथे फर्स्ट बेस कोच हातात स्टॉपवॉच धरून पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) चेंडू टाकायला किती वेळ लागतो ते मोजतो, कारण धावणारा आधीच बेस सोडून पुढे उभा असतो. 60 फुटांच्या विभागांत पिचरने टाकलेला चेंडू बॅटरपर्यंत पोचल्याशिवाय बेस सोडताच येत नाही. म्हणून "लीड घे" (आधीच बेस सोडून पुढे उभा राहा) ही सूचना इथे चुकीची आहे.

आता थर्ड बेस. इथे बॉक्समध्ये एका जागी खिळून राहणारा कोच उशीर करतो. सेकंडवरून मूल निघालं की कोचने होम प्लेटच्या दिशेने काही पावलं खाली सरकावं, म्हणजे मुलाला तो दुरूनच समोर दिसतो आणि निर्णयाला थोडा वेळ मिळतो. इशारे तीनच ठेवावेत: दोन्ही तळवे उंच म्हणजे थांब, गोल फिरणारा हात म्हणजे होमकडे जा, तळवे जमिनीकडे दाबले म्हणजे स्लाइड, जमिनीवरून घसरत बेस गाठ. इशारा मूल थर्डला पोचायच्या चार-पाच पावलं आधी मिळायला हवा. "थांब" उशिरा आला तर मूल वेगात पुढे निघून जातं आणि परतताना टॅग होतं.

ठरवताना मुलाकडे नव्हे, आउटफिल्डरकडे बघावं. त्याची पाठ आपल्याकडे आहे की तोंड? चेंडू हातात आला आहे की अजून गवतात घरंगळतोय? कुंपणाकडे तोंड करून वाकलेला फिल्डर वळून, मधल्या खेळाडूकडे फेकून, तिथून होमपर्यंत चेंडू पोचवतो. लहान मुलांकडून या दोनपैकी एक फेक बऱ्याचदा चुकते. त्यात किती आऊट आहेत हे जोडायचं. एकही आऊट नसेल तर थांबवा, मागून तीन बॅटर यायचे आहेत. दोन आऊट असतील तर धोका पत्करा. लहान वयात "चुकीच्या फेकी होतातच" म्हणून प्रत्येक वेळी पाठवणारे कोच धावा मिळवतात, पण मुलं मैदान वाचायला शिकत नाहीत. हे आम्हाला पटत नाही. चेंडू मुलाच्या समोर असेल तर निर्णय त्याचा त्यालाच घेऊ द्यावा.

थर्डवर उभ्या असलेल्या मुलाला दोन सवयी लावाव्यात. पुढे सरकायचं ते फाउल बाजूने (मैदानाच्या रेषेबाहेरून) आणि परत यायचं आतल्या बाजूने, कारण आतल्या बाजूला असताना बॅटने मारलेला चेंडू लागला तर तो आऊट. आणि उंच झेल असेल तर पाय बेसवर ठेवून, चेंडू हातमोज्याला लागला त्या क्षणी निघायचं. झेल पक्का होण्याची वाट पाहायची नाही.

फर्स्ट बेस कोचची हद्द सेकंड बेसच्या अलीकडेच संपते. फर्स्टहून निघालेलं मूल सेकंडजवळ येताना थर्ड बेस कोचकडे बघणार हे सरावातच पक्कं करावं, आणि मग फर्स्टवाल्याने ओरडू नये. दोन आवाज आले की मूल थांबतं.

दोन्ही बॉक्सना एक नियम सारखा लागू आहे. धावणाऱ्याला धरून थांबवलं किंवा ढकलून मदत केली तर ते मूल आऊट. फेकलेला चेंडू कोचला चुकून लागला तर खेळ चालूच राहतो, मुद्दाम अडवला तर त्याचा भुर्दंड धावणाऱ्याला पडतो. फिल्डर जवळ आला तर जागा मोकळी करायची. हेल्मेट मोठ्यांनीही घालावं. 2007 मध्ये माइक कूलबॉ या मायनर लीगमधल्या (व्यावसायिक बेसबॉलच्या खालच्या पातळीवरच्या) फर्स्ट बेस कोचचा बॅटने मारलेला चेंडू लागून मृत्यू झाला, त्यानंतर 2008 पासून मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वोच्च पातळीवर, बेस कोचना हेल्मेट सक्तीचं झालं.

लिटल लीगमध्ये दोन्ही बॉक्समध्ये मोठी माणसं उभी राहायची तर डगआऊटमध्ये (संघाच्या बाकाच्या जागेत) आणखी एक मोठा माणूस असावा लागतो. तो नसेल तर एका बॉक्समध्ये हेल्मेट घालून खेळाडू उभा करतात. त्याला फर्स्टवर ठेवावं. आऊट किती, "थ्रू" की "टर्न", आणि हवेतल्या चेंडूवर काय करायचं, एवढं बारा वर्षांचं मूल नीट सांगू शकतं.