सहावा प्रामाणिक माणूस

‘माफिया’ या गटाने खेळायच्या बैठ्या खेळात पाच जणांमध्ये एक छुपा मारेकरी आहे आणि उरलेले चौघे निरपराध गावकरी आहेत, असे समजा. दिवसा सगळे मिळून मतदानाने एकाला खेळातून बाहेर काढतात. रात्री सगळे डोळे मिटतात आणि मारेकरी सूत्रधाराला खुणेने सांगून एका गावकऱ्याचा काटा काढतो. मारेकरी पकडला गेला तर गावकरी जिंकतात. मारेकऱ्यासमोर एकच गावकरी उरला तर मारेकरी जिंकतो. कोणालाच कसला सुगावा नाही, म्हणून मते अंदाधुंद पडतात असे धरले, तर मारेकऱ्याच्या विजयाची शक्यता सुमारे ५३ टक्के येते. आता या गटात आणखी एक प्रामाणिक गावकरी आणून बसवला, तर मारेकऱ्याचे काम अवघड होईल असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात त्याची शक्यता ६२.५ टक्क्यांपर्यंत वाढते.

कारण साध्या मोजणीत सापडते. पाच जण असताना मतदान दोनदा होते, एकदा पाच जणांत आणि नंतर तिघांत. म्हणजे मारेकरी निसटण्याची शक्यता चार पंचमांश गुणिले दोन तृतीयांश. सहा जण असतानाही मतदान दोनदाच होते, सहा जणांत आणि मग चौघांत, कारण त्यानंतरच्या रात्री दोघेच उरतात आणि खेळ संपतो. सहाव्या माणसामुळे पकडण्याची संधी वाढत नाही, फक्त संशय वाटून घ्यायला आणखी एक जण मिळतो. सातवा माणूस आला की मात्र मतदानाची तिसरी फेरी पदरात पडते आणि मारेकऱ्याची शक्यता एकदम ४६ टक्क्यांच्या आसपास उतरते. सम-विषम संख्येचा हा परिणाम प्योत्र मिग्दाव यांनी २०१० साली मांडलेल्या गणिती प्रारूपातही ठळकपणे दिसतो.

‘माफिया’ हे या खेळाचे मूळ नाव, आणि त्यातल्या मारेकऱ्यांनाही माफियाच म्हणतात. मॉस्को राज्य विद्यापीठात १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात दिमित्री डेव्हिडॉफ यांनी तो तयार केला आणि १९९७ साली अँड्र्यू प्लॉटकिन यांनी त्याला मानव-लांडग्याचा साज चढवून ‘वेअरवुल्फ’ हे रूप दिले. रूप कोणतेही असो, सांगाडा तोच राहतो: एका बाजूला सर्व काही ठाऊक असलेले अल्पमत आणि दुसऱ्या बाजूला काहीच ठाऊक नसलेले बहुमत. या दोघांचे बळ समान होण्यासाठी अल्पमत किती मोठे हवे, या प्रश्नाचे उत्तर मार्क ब्रेव्हरमन, ओमिद एतेसामी आणि एल्चानन मोसेल यांनी २००८ साली दिले. गुप्तहेर, म्हणजे दर रात्री एकाची खरी ओळख तपासू शकणारा खेळाडू, नसेल, तर माफियांची संख्या एकूण खेळाडूंच्या वर्गमुळाच्या प्रमाणात पुरेशी ठरते. म्हणजे खेळाडू चौपट झाले तरी माफिया दुप्पटच करावेत. खेळाडूंच्या ठरावीक टक्केवारीने माफिया नेमणारा सूत्रधार मोठ्या गटात गावकऱ्यांवर नकळत अन्याय करत असतो.

अशा गुप्तहेराची भर पडली की हे गणित पार बदलते. वीस जणांत तीन माफिया असतील, तर संशयितांची त्रिकुटे ११४० बनतात. एक जण निर्दोष असल्याचे कळले, तर त्यांतली ९६९ उरतात, म्हणजे फारसे काही हाती लागत नाही. पण एक माफिया सापडला, तर उरतात अवघी १७१. त्याच तिघा संशोधकांच्या निष्कर्षानुसार गुप्तहेर असताना तोल राखायचा असेल, तर माफियांची संख्या वर्गमुळाच्या नव्हे, तर थेट खेळाडूंच्या संख्येच्या प्रमाणात वाढवावी लागते. खात्रीच्या माहितीचा एवढासा झराही बहुमताला केवढे बळ देतो, हे यातून मोजता येते.

मग चेहरे वाचण्याचे काय? ‘मी डोळ्यांत पाहून ओळखतो’ असे छातीठोकपणे सांगणारा प्रत्येक गटात एक तरी असतोच. मानसशास्त्रज्ञ चार्ल्स बाँड आणि बेला डीपाउलो यांनी २००६ साली २४ हजारांहून अधिक निरीक्षकांच्या निकालांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा खरे-खोटे अचूक ओळखण्याचे सरासरी प्रमाण ५४ टक्के निघाले, म्हणजे नाणेफेकीपेक्षा जेमतेम चार टक्क्यांनी अधिक. खरे बोलणाऱ्यांपैकी ६१ टक्के खरे मानले गेले, तर खोटे मात्र ४७ टक्केच पकडले गेले. अडखळणे, नजर चुकवणे, घाम फुटणे हे घाबरल्याचे पुरावे आहेत, खोटेपणाचे नव्हेत, आणि विनाकारण आरोप झालेला गावकरीही तितकाच घाबरतो. म्हणून मुरलेले खेळाडू चेहऱ्यापेक्षा मतांची नोंद लक्षात ठेवतात: कोणी कोणाला वाचवले, शेवटचे निर्णायक मत कोणी टाकले, आणि बाद झालेला खेळाडू आदल्या दिवशी कोणावर संशय घेत होता.

अर्थात हा पुरावाही गढूळ होऊ शकतो. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांच्या १९५०च्या दशकातील प्रयोगांत, आधी ठरवून चुकीचे उत्तर देणाऱ्या गटापुढे बसलेल्या लोकांनी रेषांची लांबी डोळ्यांसमोर स्पष्ट दिसत असूनही सुमारे एक तृतीयांश वेळा गटाच्या सुरात सूर मिसळला. एक जरी साथीदार खरे उत्तर देणारा असला, तर हे प्रमाण झपाट्याने घसरत असे. या खेळात तर समोर रेषाही नसते. वीस जणांनी एकेक करून हात वर केले, तर पहिल्या चार-पाच मतांनंतरची मते बहुधा आधीच्या मतांचे प्रतिध्वनी असतात आणि त्या गर्दीत माफियांना आपले मत सहज लपवता येते. सर्वांनी एकाच क्षणी बोट दाखवले, तर प्रत्येक मत स्वतंत्र पुरावा म्हणून वापरता येते. माझ्या मते मोठ्या गटासाठी याहून स्वस्त सुधारणा नाही.

मोठ्या गटाची दुसरी अडचण वेळेची. वीस जण प्रत्येकी दोन मिनिटे बोलले, तरी एका दिवसाला चाळीस मिनिटे लागतात, आणि पहिल्याच रात्री बाद झालेल्याने तेवढा वेळ भिंतीकडे पाहत बसायचे. ‘टू रूम्स अँड अ बूम’ या खेळात गटाचे दोन खोल्यांत विभाजन करून आणि ओलिसांची अदलाबदल करून ही कोंडी फोडली आहे. तिथे कोणी मध्येच बादही होत नाही. ‘ब्लड ऑन द क्लॉकटॉवर’मध्ये मेलेला खेळाडू बोलत राहतो, तर्क लढवतो, आणि त्याच्याकडे एकच मत शिल्लक असते, जे तो हवे तेव्हा वापरू शकतो. परिणामी शेवटच्या दिवशी तिघेच जिवंत असले, तरी निकाल बहुधा मेलेल्यांनी राखून ठेवलेल्या मतांवर ठरतो, आणि त्या तिघांना अख्ख्या गटाची समजूत घालत बसावे लागते.