जुळा क्वेसार आणि मधली दीर्घिका

सप्तर्षीच्या हद्दीत सतराव्या प्रतीच्या आसपासचे, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसण्याइतके मंद, दोन निळसर ठिपके एकमेकांपासून सुमारे सहा विकलांवर आहेत. एका अंशाचे ३६०० भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे विकला. दोन सेंटिमीटर रुंदीचे नाणे जवळजवळ सातशे मीटरवरून जेवढे दिसेल, तेवढेच हे अंतर भरते. इंग्लंडमधील जॉड्रेल बँक येथील रेडिओ दुर्बिणीने केलेल्या पाहणीत आकाशाच्या या भागातून रेडिओ लहरी येत असल्याचे आढळले होते. त्यांचा उगम दृश्य प्रकाशात शोधताना हे ठिपके नजरेस आले आणि मार्च १९७९ च्या अखेरीस डेनिस वॉल्श व रॉबर्ट कार्सवेल यांनी अमेरिकेतील किट पीक येथील २.१ मीटर व्यासाच्या दुर्बिणीतून दोघांचेही वर्णपट, म्हणजे रंगारंगांत विभागलेला प्रकाश, घेतले. दोन्ही ठिपके क्वेसार निघाले, म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकांची प्रखर केंद्रे. पण खरे आश्चर्य पुढे होते. दोघांची ताम्रसृती, म्हणजे विश्वाच्या प्रसरणामुळे प्रकाश लाल रंगाकडे सरकण्याचे प्रमाण (ते जितके जास्त, तितकी वस्तू दूर), १.४१ होती आणि वर्णपटातल्या रेषाही जवळपास तंतोतंत जुळत होत्या. चुकून एकाच ठिपक्याचा वर्णपट दोनदा घेतला गेला की काय, अशी शंका कोणालाही यावी. रे वेमन यांच्यासह लिहिलेला त्यांचा निबंध ३१ मे १९७९ च्या ‘नेचर’मध्ये आला, तेव्हा हे जुळे क्वेसार आहेत की गुरुत्वीय भिंग, असा प्रश्न त्यांनी शीर्षकातच विचारला होता. वर्षभरात दोन्ही ठिपक्यांच्या दरम्यान, त्यातल्या दक्षिणेकडच्या ठिपक्याला अगदी खेटून, ०.३६ ताम्रसृतीची एक अंधुक दीर्घिका सापडली. ही दीर्घिका आपल्या आणि क्वेसारच्या मध्ये होती आणि तिच्या दोन बाजूंनी वळून आलेला एकाच क्वेसारचा प्रकाश आपल्याला दोन जागी दिसत होता.

असे काही घडू शकते ही कल्पना तेव्हा नवी नव्हती. वस्तुमान प्रकाशाला वळवत असेल का, हा प्रश्न न्यूटनने १७०४ मध्ये प्रकाशशास्त्रावरील ग्रंथाच्या शेवटी मांडला होता. प्रकाशकण साध्या दगडासारखे गुरुत्वाकर्षणाने खेचले जातात असे धरून योहान फोन सोल्डनर यांनी १८०१ मध्ये गणित केले आणि सूर्याच्या कडेला घासून येणारा किरण ०.८४ विकला वळेल असे उत्तर काढले. आइन्स्टाइन यांनी १९११ मध्ये निराळ्या वाटेने जाऊन जवळपास तोच आकडा काढला. तो तपासण्यासाठी जर्मन खगोलशास्त्रज्ञ एर्विन फ्रॉइंडलिख १९१४ च्या खग्रास ग्रहणासाठी क्रिमियात पोहोचले खरे, पण तेवढ्यात महायुद्ध पेटले आणि रशियनांनी त्यांना अटकेत टाकले. एका अर्थी हे आइन्स्टाइन यांच्या पथ्यावरच पडले, कारण तो आकडा निम्माच होता. नोव्हेंबर १९१५ मध्ये व्यापक सापेक्षता सिद्धांत पुरा झाला, तेव्हा काळाच्या वक्रतेइतकाच वाटा अवकाशाच्या वक्रतेचाही असतो हे स्पष्ट झाले आणि उत्तर दुप्पट होऊन सुमारे १.७ विकलांवर गेले. २९ मे १९१९ च्या ग्रहणात ब्राझीलमधील सोब्राल येथे १.९८ आणि ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन यांच्या तुकडीला प्रिन्सिपे बेटावर १.६१ विकला असे आकडे मिळाले. ६ नोव्हेंबरला लंडनमध्ये ते जाहीर झाले आणि आइन्स्टाइन जगप्रसिद्ध झाले.

किरण वळतो हे मान्य झाले म्हणजे भिंग आलेच, असे आज वाटते. तेव्हाचे चित्र तसे नव्हते. एक तारा दुसऱ्याच्या बरोबर मागे आला तर मागच्याच्या दोन प्रतिमा किंवा एक कडे दिसेल, हे आइन्स्टाइन यांनी १९१२ मध्येच वहीत मांडून पाहिले होते, पण ते छापले नाही. १९२४ मध्ये रशियन भौतिकशास्त्रज्ञ ओरेस्ट ख्वोल्सन यांनी त्याच कल्पनेवर एक त्रोटक टिपण प्रसिद्ध केले. मग १९३६ मध्ये रुडी मांडल नावाचे चेक अभियंते प्रिन्स्टनला आइन्स्टाइन यांच्याकडे आले आणि ताऱ्यांच्या भिंगाबद्दल लिहाच म्हणून पाठीस लागले. त्यांच्या आग्रहाखातर आइन्स्टाइन यांनी डिसेंबर १९३६ च्या ‘सायन्स’मध्ये छोटेसे टिपण दिले, त्यात हा प्रकार प्रत्यक्ष पाहायला मिळण्याची आशा नाही, असे बजावले आणि संपादकांना पाठवलेल्या पत्रात या टिपणाला फारशी किंमत नाही, मात्र त्या बिचाऱ्याला बरे वाटेल, असेही कळवले. ताऱ्यांपुरते त्यांचे म्हणणे त्या काळाला धरून होते. तारा कितीही योग्य जागी आला तरी प्रतिमांमधले अंतर विकलेच्या हजाराव्या भागाच्या घरातले, आणि दोन तारे इतक्या नेमकेपणाने एका रेषेत येणार तरी कधी?

फ्रिट्झ झ्विकी यांनी उत्तर काढले ते ताऱ्याऐवजी दीर्घिका घेऊन. कॅलिफोर्नियात काम करणाऱ्या या स्विस शास्त्रज्ञाने १९३३ मध्ये कोमा दीर्घिकासमूहाचा अभ्यास करून दिसणाऱ्या ताऱ्यांच्या मानाने त्याचे वस्तुमान फारच जास्त असले पाहिजे, असे म्हटले होते. ‘फिजिकल रिव्ह्यू’मध्ये १९३७ साली आलेल्या दोन छोट्या पत्रांत त्यांनी दाखवले की अब्जावधी ताऱ्यांचे वस्तुमान असलेली दीर्घिका भिंग झाली तर प्रतिमांतले अंतर कित्येक विकलांचे होईल, दुर्बिणीला ते सहज उलगडेल आणि असे भिंग सापडणे जवळजवळ निश्चितच आहे. सापेक्षतेची आणखी एक कसोटी, एरवी न दिसणाऱ्या दूरच्या दीर्घिका मोठ्या करून पाहण्याची सोय आणि दीर्घिकांचे वजन करण्याचा थेट काटा, असे तिन्ही उपयोगही त्यांनी त्यातच सांगून ठेवले. झ्विकी यांचा तिरसट स्वभाव आणि त्यांचे वाद यांच्याबद्दल बरेच लिहिले जाते. मला मात्र ही दोन पत्रे त्या सगळ्याहून मोठी वाटतात.

भिंग हा शब्द इथे थोडा फसवा आहे. आपल्या वाचनाच्या भिंगात मधून जाणारा किरण सरळ जातो आणि कडेचा जास्त वळतो. दीर्घिकेच्या बाहेरच्या अंगाने येणारे किरण याच्या उलट वागतात, जवळून जाणारा अधिक वळतो आणि दूरचा कमी, त्यामुळे सगळे किरण एका बिंदूत कधीच जमत नाहीत. दांडीच्या काचेच्या पेल्याचा तळ कागदावरच्या एका ठिपक्यावर धरला तर हा खेळ घरी बघता येतो. दांडी ठिपक्याच्या अगदी वर असली की ठिपक्याचे कडे होते, जरा सरकवली की कड्याचे दोन कंस होतात, आणखी सरकवली की एकच वेडावाकडा ठिपका उरतो.

झ्विकी यांचे भाकीत खरे व्हायला ४२ वर्षे लागली. दूरवरची पुरेशी तेजस्वी आणि ठिपक्याएवढी लहान वस्तू हाताशी नव्हती. ती १९६३ मध्ये मार्टेन श्मिट यांनी पहिल्या क्वेसारची ताम्रसृती ओळखल्यावर मिळाली. त्याच सुमारास सोव्हिएत संघात क्लिमोव्ह, अमेरिकेत लीब्ज आणि नॉर्वेत श्यूर रेफ्सडाल हे एकमेकांपासून स्वतंत्रपणे या विषयाकडे वळले. त्यात रेफ्सडाल यांची १९६४ ची कल्पना सर्वांत पल्लेदार ठरली. दोन प्रतिमांचा प्रकाश वेगवेगळ्या लांबीच्या वाटांनी आणि वेगवेगळ्या तीव्रतेच्या गुरुत्वातून येतो; तेव्हा स्रोताची दीप्ती एकदा बदलली की तो बदल एका प्रतिमेत आधी आणि दुसरीत नंतर दिसेल, आणि हा उशीर मोजला तर विश्वाच्या प्रसरणाचा वेग, अर्थात हबल स्थिरांक, काढता येईल. जुळ्या क्वेसारवर हे करून पाहताना ४१५ च्या आसपास दिवस म्हणणारे आणि ५४० दिवसांजवळ म्हणणारे असे दोन तट पडले. त्यांचा वाद वर्षानुवर्षे चालला आणि १९९७ च्या मोजणीने तो ४१७ दिवसांवर मिटला.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९८० च्या दशकात डी. नरसिंह, कंदस्वामी सुब्रमणियन आणि शशिकुमार चित्रे यांनी या भिंगांच्या प्रतिकृती रचल्या. विरळ, सलग पसरलेल्या वस्तुमानाच्या भिंगातून प्रतिमांची संख्या विषम यावी असे गणित सांगते. मग जुळ्यात तिसरी कुठे गेली? १९८६ मध्ये ‘नेचर’मध्ये या तिघांनी याच हरवलेल्या प्रतिमेवर लिहिले. दीर्घिकेच्या गाभ्यात वस्तुमान आटोपशीर जागेत कोंबलेले असेल तर मधली प्रतिमा दिसेनाशी होण्याइतकी मंद होते, असा त्यांचा युक्तिवाद होता. म्हणजे जे दिसत नाही तेही गाभ्याबद्दल काही सांगते.

त्याच वर्षांत दीर्घिकासमूहांच्या छायाचित्रांत लांबलचक निळसर कमानी दिसू लागल्या. एबेल ३७० मधल्या कमानीबद्दल तऱ्हेतऱ्हेचे तर्क झाले, पण १९८८ मध्ये तिची ताम्रसृती समूहाच्या जवळपास दुप्पट निघाली आणि ती मागच्या दीर्घिकेची ताणलेली प्रतिमा असल्याचे ठरले. झ्विकी यांचा काटा आता समूहांवर चालू लागला, आणि दिसणाऱ्या पदार्थाच्या कित्येक पट कृष्णद्रव्य, म्हणजे प्रकाश न देणारे पण गुरुत्वातून जाणवणारे द्रव्य, तिथे आहे याचा स्वतंत्र पुरावा मिळाला.

रेफ्सडाल यांची कल्पना मूळ रूपात, म्हणजे अतिनवताऱ्यावर (स्फोट होऊन उजळलेल्या ताऱ्यावर), नोव्हेंबर २०१४ मध्ये फळाला आली. हबल दुर्बिणीच्या छायाचित्रांत एका समूहातील दीर्घिकेभोवती एकाच स्फोटाच्या चार प्रतिमा दिसल्या. २००९ मध्ये निधन पावलेल्या रेफ्सडाल यांचे नाव त्या अतिनवताऱ्याला दिले गेले. समूहाच्या वस्तुमानाचा नकाशा मांडून पाचवी प्रतिमा साधारण वर्षभराने कुठे उगवेल हे आधीच सांगितले होते. ११ डिसेंबर २०१५ रोजी ती तिथेच दिसली.

भिंगे शोधण्याचे काम मात्र अजून डोळ्यांवरच बरेचसे अवलंबून आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘स्पेस वॉर्प्स’ या प्रकल्पात सामान्य हौशी लोक हजारो छायाचित्रे चाळतात. त्याच्या संस्थापकांपैकी अनुप्रीता मोरे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेशी निगडित आहेत. युरोपची युक्लिड दुर्बीण १ जुलै २०२३ रोजी अवकाशात गेली आणि तिच्या मार्च २०२५ च्या पहिल्या विदासंचातली सुमारे ५०० संभाव्य भिंगे संगणक आणि हे स्वयंसेवक यांनी मिळून हुडकली. त्याआधीच, सप्टेंबर २०२३ मधल्या चाचणीच्या धूसर चित्रांत, एका शास्त्रज्ञाला एनजीसी ६५०५ या दीर्घिकेभोवती कडे असल्याचा भास झाला होता. ५९ कोटी प्रकाशवर्षांवरची ही दीर्घिका १८८४ पासून माहीत आहे. तिच्याभोवतीचे पूर्ण कडे ४४२ कोटी प्रकाशवर्षांवरच्या दुसऱ्या दीर्घिकेचे निघाले. कड्याच्या आतले वजन काढल्यावर त्यात कृष्णद्रव्याचा वाटा सुमारे ११ टक्के भरला.