शेतकऱ्याआधीचं प्रश्नचिन्ह आलं कुठून?

एकच स्क्रिप्ट कुठल्याही सर्व्हरवर निमूट चालावी, ही हौस सीजीआयइतकीच (म्हणजे वेब सर्व्हरने प्रोग्राम चालवून पान बनवायची पद्धत) जुनी, १९९३ पासूनची. पर्ल या भाषेत लिहिणाऱ्यांची डोकेदुखी पहिल्या ओळीची असायची, कारण तिथे पर्लचा पत्ता द्यावा लागायचा: पर्ल एका सर्व्हरवर एका फोल्डरात, दुसऱ्यावर भलत्याच. ते दिवस मी ऐकलेले, पाहिलेले नाहीत.

जळगावकडे आम्ही या कामाला लागलो ते थेट पीएचपी या वेबपानं बनवायच्या भाषेवर. घरी विंडोज, भाड्याचा सर्व्हर लिनक्स. घरी 'Keli' आणि 'keli' एकच फाइल, तिकडे दोन. २००२ मध्ये पीएचपी ४.२ ने रजिस्टर ग्लोबल्स (फॉर्ममध्ये भरलेलं आपोआप व्हेरिएबलमध्ये आणणारी सोय) मुळातच बंद करून दिलं, तेव्हा जुने फॉर्म मुके झाले. पण कारण कळलं की तासाभरात निस्तरायचं.

मॅजिक कोट्सने मात्र वर्षं खाल्ली. फॉर्ममधून आलेल्या प्रत्येक अवतरणचिन्हाआधी पीएचपी आपणहून बॅकस्लॅश घालायचं. अवतरणचिन्हातून आज्ञा घुसवून नवशिक्याचा डेटाबेस कुणी फोडू नये, हा हेतू. पण काही सर्व्हरवर हे चालू, काहींवर बंद. आणि स्क्रिप्ट सुरू होण्याआधीच काम उरकलेलं, त्यामुळे आतून बंद करायची सोय नाही. एचटीअ‍ॅक्सेस या सेटिंगच्या फाइलमध्ये ओळ टाकावी, तर पीएचपी सीजीआय पद्धतीने चालणाऱ्या अपाचे सर्व्हरवर थेट ५०० चा एरर, पानच उघडेना.

इंग्रजी साइटवाल्यांना याचा त्रास O'Brien सारख्या एखाद्या नावापुरता. आम्ही केळीभावाचं पान करत होतो कृतीदेवमध्ये, म्हणजे इंग्रजी चिन्हांच्या जागी देवनागरी अक्षरं दाखवणाऱ्या जुन्या फॉन्टमध्ये. त्या फॉन्टमध्ये एकेरी अवतरण म्हणजे अर्धा श, दुहेरी म्हणजे अर्धा ष, आणि बॅकस्लॅश म्हणजे चक्क प्रश्नचिन्ह! घरी मॅजिक कोट्स बंद, म्हणून तसाच बॅकस्लॅश घालणारं फंक्शन अ‍ॅडस्लॅशेस आम्हीच लावलेलं. सर्व्हरवर दोन्ही लागले आणि पानावर उमटलं: '?शेतकरी', 'कृ?षी'. तोच मजकूर पुन्हा उघडून जतन केला की तीन प्रश्नचिन्हं, तिसऱ्यांदा सात. रावेरच्या एका व्यापाऱ्याने फोन करून विचारलं, "भाऊ, शेतकऱ्यावर एवढा संशय कशाचा?"

हे फीचर वाईट नव्हतं, असं म्हणणारे आजही भेटतात. मला ते पटत नाही. सुरक्षा सर्व्हरवाल्याच्या मर्जीवर सोडली, तर ती असून नसल्यासारखीच. उपाय एकच होता: आधी गेट मॅजिक कोट्स जीपीसी या फंक्शनला विचारायचं, चालू असेल तर घातलेले बॅकस्लॅश काढणारं स्ट्रिपस्लॅशेस फिरवायचं. तो चार ओळींचा तुकडा आम्ही प्रत्येक फाइलच्या डोक्यावर चिकटवला.

२०१२ च्या पीएचपी ५.४ मध्ये मॅजिक कोट्स गेलं. विचारणारं फंक्शन मात्र 'नाही' म्हणत जागेवर राहिलं, ते थेट २०२० च्या ८.० मध्ये काढलं. मग आमच्या त्याच चार ओळी नव्या सर्व्हरवर पान पांढरं करू लागल्या.

त्या ओळी काढल्या. पण जुना मजकूर मधल्या काळात युनिकोडमध्ये घेताना बॅकस्लॅशची खरीखुरी प्रश्नचिन्हं झाली होती, आणि ती आता स्ट्रिपस्लॅशेसला दिसत नाहीत. २००७ च्या भावपत्रकात शेतकऱ्याआधी ती अजून उभी आहेत.