स्पोर्ट्‌स कार व सेडान यांचा सामाईक प्लॅटफॉर्म

सामाईक प्लॅटफॉर्म : वेगळ्या बांध्याच्या, वेगळ्या किमतीच्या आणि पुष्कळदा वेगळ्या नावाने विकल्या जाणाऱ्या मोटारगाड्या एकाच तांत्रिक पायावर उभ्या करण्याची मोटार उद्योगातील पद्धत. या पायात गाडीचा तळ, फायरवॉल (इंजिन व प्रवाशांची जागा यांमधील पत्र्याची भिंत), सस्पेन्शन (चाकांचे धक्के शोषणारी रचना) बसवण्याच्या जागा, स्टिअरिंगची जोडणी, वायरिंगचा आराखडा आणि बहुधा इंजिन व गिअरबॉक्सही येतात. चार दारांची, मागे डिकी असलेली सेडान आणि दोन आसनांची ठेंगणी स्पोर्ट्‌स कार शेजारी उभ्या केल्या, तर त्यांचे काही नाते असेल असे वाटत नाही. प्रत्यक्षात मात्र सामान्य उत्पन्नाच्या ग्राहकासाठी काढलेल्या बहुतेक स्पोर्ट्‌स कारचा पाया कुठल्या ना कुठल्या सेडानचा किंवा हॅचबॅकचा असतो.

याचे कारण हिशेबात आहे. नवा तळ आखणे, त्याचे साचे बनवणे आणि धडक-चाचण्यांतून तो पार पाडणे यांचा खर्च गाडी किती खपणार यावर अवलंबून नसतो. सेडान लाखांनी खपते, स्पोर्ट्‌स कार हजारांनी. म्हणून खर्च सेडानच्या नावे पडतो आणि स्पोर्ट्‌स कार त्यावर बेतली जाते. उलटा प्रवास, म्हणजे स्पोर्ट्‌स कारच्या पायावरून सेडान काढणे, क्वचितच घडतो. पूर्वी सुट्या चेसिसवर (चाके व इंजिन धरणाऱ्या सांगाड्यावर) हवी ती बॉडी चढवता येत असे. बॉडी आणि चेसिस एकजीव झाल्यावर ही मोकळीक संपली आणि कोणता भाग सामाईक ठेवायचा, कोणता बदलायचा, हे आराखड्याच्या पहिल्या दिवशीच ठरवणे भाग पडले.

मोटारगाड्यांच्या या तंत्राशी महाराष्ट्रातील सोलापूर शहराचा संबंध चटकन सुचत नाही, पण तो वरवर दिसतो त्यापेक्षा जवळचा आहे. भारतीय मोटार उद्योगाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक असलेले वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ मध्ये सोलापुरात झाला. त्यांनी १९४४ मध्ये मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन क्रायसलर कंपनीच्या आणि नंतर इटलीच्या फियाट कंपनीच्या गाड्या बनू लागल्या. प्रीमियर पद्मिनी या नावाने घरोघरी ओळखली गेलेली सेडान मूळच्या फियाट ११०० घराण्यातली. या घराण्याची ११००/१०३ ही सेडान १९५३ मध्ये आली आणि दोनच वर्षांनी फियाटने तिच्याच यंत्रणेवर बेतलेली ‘ट्रासफॉर्माबिले’ ही दोन आसनांची उघडी गाडी जिनिव्हाच्या प्रदर्शनात मांडली. आपल्याकडे टॅक्सी म्हणून राबलेल्या गाडीच्या जवळच्या नात्यात अशी शौकीन गाडी होती, हे पद्मिनी चालवण्यात हयात घालवलेल्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

प्रीमियरची पुढची सेडान या पद्धतीचा अधिक स्वच्छ नमुना ठरते. १९८५ मध्ये आलेल्या प्रीमियर ११८ एनई या गाडीला निसानचे ११७१ घन सेंमी क्षमतेचे इंजिन होते. बॉडी मात्र १९६६ च्या फियाट १२४ या सेडानची होती. त्याच १९६६ मध्ये फियाटने १२४ स्पोर्ट स्पायडर ही उघडी स्पोर्ट्‌स कार सादर केली. सेडानचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या व मागच्या चाकांच्या केंद्रांतील अंतर, २४२० मिमी होता. स्पायडरसाठी तो २२८० मिमी करण्यात आला. मागच्या आसनाची जागा आक्रसून ही १४० मिमीची काटछाट साधली. चारही चाकांचे डिस्क ब्रेक आणि मागच्या अ‍ॅक्सलवरील कॉइल स्प्रिंगची रचना दोन्ही गाड्यांत होती. एका साध्या कौटुंबिक सेडानला त्या काळात असे ब्रेक असणे ही फियाटची चैनच म्हणायची. स्पायडरचे उत्पादन इटलीत १९८५ मध्ये थांबले, म्हणजे मूळ सेडानची भारतीय आवृत्ती रस्त्यावर आली त्याच वर्षी.

या दोन गाड्यांच्या इंजिनांची तुलना उद्‌बोधक आहे. सेडानच्या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७३ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनच्या वर-खाली धावेची लांबी) ७१.५ मिमी, म्हणून क्षमता ११९७ घन सेंमी. स्पायडरमध्ये स्ट्रोक तोच राहिला, बोअर ८० मिमी झाला आणि क्षमता १४३८ घन सेंमीवर गेली. खरा फरक सिलिंडर हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरांवर झाकणासारख्या बसणाऱ्या वरच्या भागात होता. सेडानमध्ये कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह (इंजिनाच्या झडपा) उघडणारा फिरता दांडा, खाली ब्लॉकमध्ये (सिलिंडर असलेल्या मुख्य ठोकळ्यात) असून तो लांब पुशरॉडच्या, म्हणजे ढकलदांड्यांच्या मदतीने व्हॉल्व्ह उघडत असे. पूर्वी फेरारीत इंजिने आखलेले अभियंते ऑरेलिओ लाम्प्रेदी यांनी त्याच कुळातील ब्लॉकवर दोन कॅमशाफ्ट असलेले नवे हेड बसवले आणि ते दातेरी पट्ट्याने फिरवले. सेडानची साठ अश्वशक्ती स्पायडरमध्ये नव्वदवर गेली. ब्लॉकचा मूळ आराखडा सामाईक असल्याने कंपनीचा मोठा खर्च वाचला; गिऱ्हाइकाला मात्र स्वभावाने निराळे इंजिन मिळाले.

कॅमशाफ्ट हा भाग सोलापूरला परका नाही. १९९२ मध्ये स्थापन झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्‌स ही सोलापूरची कंपनी अक्कलकोट रोड आणि चिंचोळी येथील औद्योगिक वसाहतींतून देशी-परदेशी मोटार कंपन्यांना कॅमशाफ्ट पुरवत आली आहे. तिच्या उत्पादनांत चिल्ड कास्ट आयर्न, म्हणजे ओततानाच ठरावीक जागी झटकन थंड केलेल्या ओतीव लोखंडाचे कॅमशाफ्ट महत्त्वाचे आहेत. या पद्धतीत साच्यामध्ये लोबच्या, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या उंचवट्यांच्या जागी धातूचे तुकडे बसवलेले असतात. तापलेला रस त्यांना भिडताच तेवढाच भाग चटकन गोठून अतिशय कठीण होतो आणि बाकीचा दांडा, विशेषतः बेअरिंगवर फिरणारा भाग, तुलनेने मऊ व मशीनवर कापण्याजोगा राहतो. पुढे ग्राइंडिंग करताना लोबला नेमका आकार मिळतो. लोब किती उंच आणि किती रुंद, यावर व्हॉल्व्ह किती उघडेल व किती वेळ उघडा राहील हे ठरते. व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा राहणारे इंजिन वेगाने फिरत असताना जोर दाखवते, पण सिग्नलला उभे असताना थरथरते. सेडानच्या मालकाला ती थरथर चालत नाही, स्पोर्ट्‌स कारच्या मालकाला ती आवडतेसुद्धा. एकाच ब्लॉकमधून दोन स्वभाव काढण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे लोबचा आकार बदलणे.

तळाच्या बाबतीत मात्र इतके स्वातंत्र्य नसते. काही मापे हलवायला सोपी असतात, काही जवळजवळ अशक्य. मागच्या आसनाजवळचा तळ कापून व्हीलबेस कमी करता येतो. पुढच्या चाकाचे केंद्र आणि पेडल यांतील अंतर बदलायचे म्हणजे इंजिन, स्टिअरिंग, फायरवॉल आणि धडक सोसणारा पुढचा सांगाडा असे सगळेच नव्याने आखावे लागते. फोक्सवॅगन समूहाने २०१२ मध्ये आणलेल्या एमक्यूबी प्लॅटफॉर्ममध्ये नेमके हेच अंतर कायम ठेवून बाकीची मापे मोकळी सोडली.

सेडानच्या पायावरील सर्वांत गाजलेली गाडी म्हणजे १९६४ ची फोर्ड मस्टँग. फाल्कन या साध्या सेडानचे भाग तिच्यात सर्रास वापरले होते आणि पहिल्या बारा महिन्यांत तिचा खप चार लाखांवर गेला. काटेकोर अर्थाने तिला स्पोर्ट्‌स कार म्हणावे का, हा वाद जुना आहे. प्रस्तुत नोंदीपुरती ती नमुना म्हणून पुरेशी आहे. अलीकडचे अधिक टोकाचे उदाहरण टोयोटा सुप्रा (२०१९) हिचे. ती बीएमडब्ल्यू झेड ४ बरोबर विकसित झाली आणि बीएमडब्ल्यूच्या ज्या यंत्रणेवर ३ सिरीज सेडान उभी आहे तिचाच उपयोग तिच्यात केला आहे. सेडानचा व्हीलबेस २८५१ मिमी, सुप्राचा २४७० मिमी. डाव्या-उजव्या चाकांतील रुंदीशी व्हीलबेसचे प्रमाण १.५५ च्या आसपास आणल्याने गाडी वळणात चटकन फिरते. इंजिन पुढे उभे (गाडीच्या लांबीच्या दिशेने) आणि जोर मागच्या चाकांना, अशी मांडणी सेडानमध्येच असल्यामुळे हे रूपांतर साधले.

इंजिन आडवे आणि जोर पुढच्या चाकांना अशी सेडान असेल, तर पेच वाढतो. अशा गाडीचे वजन पुढे एकवटते आणि नाक आखूड राहते. त्यावर १९७२ मध्ये फियाटने धाडसी तोड काढली : १२८ या सेडानचे इंजिन व गिअरबॉक्स जसेच्या तसे उचलून एक्स १/९ या स्पोर्ट्‌स कारमध्ये आसनांच्या मागे बसवले. टोयोटाने १९८४ च्या एमआर २ मध्ये कोरोलाच्या यंत्रणेबाबत तेच केले. टाटा मोटर्सने मार्च २०१७ मध्ये जिनिव्हात दाखवलेली रेसमो त्याच वाटेची होती. आपल्या प्रवासी गाड्यांच्या रेव्होट्रॉन कुळातील १.२ लिटर टर्बो इंजिन कंपनीने तिच्यात आसनांमागे ठेवले होते. ती उत्पादनात मात्र आली नाही.

महाराष्ट्रातील वाचकाला पाहायला सापडेल असे उदाहरण स्कोडा ऑक्टेव्हियाचे आहे. तिची पहिली पिढी २००१ च्या सुमारास औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) कारखान्यातून बाहेर पडू लागली. मागचा दरवाजा काचेसकट उघडत असल्याने ती खरे तर लिफ्टबॅक. आपल्याकडे ती सेडान म्हणूनच विकली गेली. तिचा प्लॅटफॉर्म १९९८ च्या ऑडी टीटी या स्पोर्ट्‌स कारचाही होता. दोहोंच्या व्हीलबेसमध्ये सुमारे ९० मिमीचा फरक होता आणि ऑक्टेव्हिया आरएसमधील १.८ लिटर टर्बो इंजिन टीटीच्या इंजिनाच्याच कुळातले. सोलापूर-पुणे रस्त्यावर वर्षानुवर्षे धावलेली अशी एखादी ऑक्टेव्हिया गॅरेजात लिफ्टवर चढवली, की हे नाते उघड होते. सुट्या भागांवर कोरलेला क्रमांक पाहावा : ‘१यू’ने सुरू होणारा भाग खास ऑक्टेव्हियासाठी आखलेला, ‘८एन’ने सुरू होणारा टीटीसाठी, आणि ‘१जे’ने सुरू होणारे भाग दोघींच्याही मूळच्या भावंडाचे, फोक्सवॅगन गोल्फचे. ऑक्टेव्हियाच्या खाली ‘१जे’चे भाग भरपूर सापडतात. जाणता मेकॅनिक भाग मागवताना म्हणूनच गाडीच्या नावापेक्षा क्रमांक सांगतो.

सामाईक पायावर वेगळा बांधा चढवला, की हिशेब चुकण्याचीही शक्यता असते. टीटीच्या गोलाकार पाठीमुळे अतिवेगात मागची चाके हलकी पडत. जर्मन महामार्गांवर गंभीर अपघात झाल्यावर ऑडीने विकलेल्या गाड्या परत बोलावून मागे स्पॉयलर (वाऱ्याच्या जोराने मागची बाजू दाबून धरणारा पट्टा) बसवला, सस्पेन्शन बदलले आणि इलेक्ट्रॉनिक स्थैर्यनियंत्रण दिले. उघड्या गाड्यांची अडचण निराळी असते : छप्पर काढले की बॉडी पिळवटते, मग दाराखालचा पट्टा व काचेची चौकट जाड करावी लागते आणि वाचवलेले वजन परत येते.

विद्युत गाड्यांत बॅटरी तळातच असल्याने आसन खाली नेणे अवघड झाले आहे. पोर्शे टायकान आणि ऑडी ई-ट्रॉन जीटी यांच्या सामाईक प्लॅटफॉर्ममध्ये मागे बसणाऱ्यांच्या पायांखाली बॅटरीत खाच ठेवून हा प्रश्न काही अंशी सोडवला आहे.

भारतात सध्या प्लॅटफॉर्मची वाटणी मुख्यत्वे सेडान आणि एसयूव्ही यांच्यात होते. चाकणला बनणाऱ्या स्कोडा स्लाव्हिया आणि फोक्सवॅगन व्हर्टस या सेडान व कुशाक आणि टायगुन या एसयूव्ही अशा चारही गाड्यांचा व्हीलबेस २६५१ मिमी आहे. व्हर्टसच्या जीटी प्लस आवृत्तीत तीन सिलिंडरच्या एक लिटर इंजिनाऐवजी १५० अश्वशक्तीचे दीड लिटर इंजिन मिळते. तळ, व्हीलबेस आणि आसनाची उंची मात्र साध्या व्हर्टसचीच राहत असल्याने या नोंदीतील अर्थाने ती स्पोर्ट्‌स कार ठरत नाही.