पावसाळी गटारांवरील सूचना

रस्त्याकडेच्या जाळीतून आत जाणारे पाणी थेट नदीला मिळते, हे सांगण्यासाठी जाळीशेजारी रंगवलेला मजकूर किंवा चित्र. अनेक देशांत हे काम शाळा-महाविद्यालयांचे विद्यार्थी करतात. कॅनडात १९९१ पासून त्यासाठी पिवळा मासा रंगवला जातो.

पुण्यात मैलापाण्याच्या आणि पावसाळी पाण्याच्या वाहिन्या वेगळ्या असणे अपेक्षित आहे. मैलापाणी शुद्धीकरण केंद्राकडे जाते, पावसाळी पाणी मात्र कोणतीही प्रक्रिया न होता ओढ्यानाल्यांत उतरते. बोलताना आपण दोन्हींना ‘ड्रेनेज’च म्हणतो आणि घोळ तिथेच होतो. गॅरेजमधले जळके ऑइल, रंगाऱ्याने ब्रश धुतलेले पाणी, बांधकामावरचा सिमेंटचा राडा, दुकान धुतल्यावरचा फेस हे सगळे पुढे कुठेतरी शुद्ध होईल अशा समजुतीने जाळीत ओतले जाते. प्रत्यक्षात कात्रजकडून येणारा आंबिल ओढा ते मुठेत नेतो, पाषाणची रामनदी मुळेत. मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते आणि भीमेवरच्या उजनी धरणाचे पाणी सोलापूरकर पितात.

म्हणून ‘येथे कचरा टाकू नये’ एवढी सूचना पुरत नाही. ती भिंतीभिंतीवर असते आणि कोणी वाचत नाही. ओढ्याचे नाव घालून ‘हे पाणी आंबिल ओढ्यातून मुठेत जाते’ असे लिहिले, तर ऑइलचा डबा घेऊन आलेल्या माणसाला निदान कळते की ते जाणार कुठे. सूचना सुधारायची तर विद्यार्थ्यांनी आधी हे पाहावे: कोणती जाळी कोणत्या नाल्याला जोडलेली आहे, तिच्यात नेमके काय पडते, आणि ओतणारा माणूस कुठल्या बाजूने येतो. मजकूर त्याच्या नजरेसमोर हवा.

रंगकामाला क्षेत्रीय कार्यालयाची परवानगी लागते. उन्हाळ्यात, रस्ता कोरडा असताना ते उरकावे. डांबरावरचा मजकूर पुढच्या डांबरीकरणात गाडला जातो, त्यामुळे पदपथाच्या कडेचा दगड बरा. दगडावरची धूळ तारेच्या ब्रशने नीट काढली नाही तर रंगाचे पोपडे निघतात. साचा पत्र्याचा किंवा जाड प्लास्टिकचा घ्यावा. पुठ्ठ्याचा रंगाने भिजतो आणि अक्षरांच्या कडा फुटतात. उरलेला रंग आणि ब्रश धुतलेले पाणी त्याच जाळीत जाऊ देऊ नये, हे वेगळे सांगावे लागते.

ऐन मे महिन्यात पावसाळी गटारातून पाणी वाहत असेल आणि त्याला मैल्याचा वास येत असेल, तर कुठेतरी मैलापाण्याची जोडणी चुकली आहे किंवा वाहिनी फुटली आहे. तिथे सूचनेचा उपयोग नाही. जागा टिपून महापालिकेकडे तक्रार नोंदवावी.