एलओडी म्हणजे नेमकं काय ठरलं होतं? बिमच्या शब्दांची पार्श्वभूमी

बिम, म्हणजे इमारतीचं माहितीसकट ३डी मॉडेल कॉम्प्युटरवर बनवणं, हेच काम असलेल्या पुण्यातल्या बऱ्याच ऑफिसांमध्ये एकाच मजल्यावर दोन टीम बसतात, एकीचं काम अमेरिकेचं आणि दुसरीचं लंडनचं नाहीतर दुबईचं. दोघींच्या स्कोप शीटवर एलओडी ही तीन अक्षरं आणि पुढे मॉडेलची पातळी सांगणारा आकडा लिहिलेला असतो. अमेरिकावाले ३५० म्हणतात, ब्रिटनवाले ४ म्हणतात, आणि नवीन आलेला मॉडेलर दोन्हीचा अर्थ एकच लावतो, की मॉडेल किती बारीक काढायचं. चूक त्याची नाही, त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. पण या एका गैरसमजापायी मी लोकांना रात्र रात्र बसून एएचयूचे (एसीची हवा फिरवणाऱ्या यंत्राचे) बोल्ट काढताना बघितलंय आणि त्याच मॉडेलमधे डक्टचं स्लीव्ह (हवेच्या नळासाठी ठेवलेलं भोक) बीममधून गेलेलं बघितलंय. म्हणून हे शब्द कुठून आले ते नीट लिहितोय.

फार मागे जात नाही. इमारतीचं एकच वर्णन कॉम्प्युटरमधे ठेवायचं, प्लॅन सेक्शन त्यातूनच काढायचे आणि बदल एकदाच करायचा ही कल्पना १९७५ साली अमेरिकेत एका लेखात मांडली गेली होती, तेव्हा तिला बिम म्हणत नव्हते. १९८६ मधे हीथ्रो विमानतळाच्या टर्मिनल ३ च्या कामावरच्या एका पेपरात बिल्डिंग मॉडेलिंग हा शब्द आजच्या अर्थाच्या जवळपास वापरलेला सापडतो, १९९२ मधे नेदरलँड्समधल्या दोन संशोधकांनी बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेल हे पूर्ण नाव छापलं. तरी बाजारात प्रत्येक सॉफ्टवेअर कंपनीचं आपलं वेगळं नाव होतंच, बुडापेस्टवाले व्हर्च्युअल बिल्डिंग म्हणायचे. २००२ च्या आसपास बिम हेच नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं. आयएफसीचं, म्हणजे एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात मॉडेल नेण्याच्या सामायिक फाइल फॉरमॅटचं, कामसुद्धा नव्वदीच्या मध्यात सुरू झालेलं, पण आपल्याला जी आवृत्ती रोज एक्स्पोर्ट करावी लागते ती २एक्स३ साधारण २००५-०६ ची, आणि २०१३ मधे आयएफसी ४ बरोबर तो पूर्ण आयएसओ स्टँडर्ड झाला.

आता मुद्द्यावर.

एलओडी हा शब्द आधी एका सॉफ्टवेअर कंपनीने खर्चाच्या अंदाजासाठी वापरला, तेव्हा तो लेव्हल ऑफ डिटेल असाच होता. मॉडेल जितकं पुढे जाईल तितका अंदाज पक्का, इतकाच हिशोब. २००८ मधे अमेरिकेतल्या आर्किटेक्टांच्या संघटनेने ई२०२ नावाचा करारासोबत जोडायचा दस्तऐवज काढला आणि त्यात डिटेलच्या जागी डेव्हलपमेंट आलं. अक्षरं तीच राहिली, अर्थ बदलला. माझ्या मते बिमच्या सगळ्या शब्दांमधला सगळ्यात महत्त्वाचा बदल हाच आहे आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष पण याच्याकडेच झालंय.

ई२०२ हा काही ड्राफ्टिंगचा नियम नव्हता, तो कॉन्ट्रॅक्टचा कागद होता. त्या वेळी अमेरिकेत आर्किटेक्टला भीती ही होती की मॉडेल दिलं की कॉन्ट्रॅक्टर त्यातून माप काढणार, ऑर्डर देणार, आणि उद्या काही चुकलं की बोट आपल्याकडे दाखवणार. मॉडेल नाही दिलं तर मग कोलॅबोरेशन कसलं? त्यावर तोडगा म्हणून एक तक्ता आला. प्रत्येक एलिमेंटसमोर, कुठल्या टप्प्याला, तो कोण काढणार आणि तो कुठल्या एलओडीला असेल. आणि प्रत्येक एलओडीखाली लिहिलेलं की या पातळीच्या माहितीवर कशासाठी विसंबायची परवानगी आहे, खर्चासाठी, शेड्युलसाठी की बनवायला घेण्यासाठी. म्हणजे १०० असेल तर क्षेत्रफळावर आधारित ढोबळ अंदाज काढा, २०० असेल तर अंदाजे आकार आणि जागा धरा, ३०० असेल तर माप पक्कं, ४०० असेल तर फॅब्रिकेशनला लावा. दुसऱ्याने आपल्या कामावर किती भरवसा ठेवायचा ते सांगणारा हा आकडा होता. दिसण्याशी त्याचा संबंध जवळजवळ नव्हता.

एएचयूचंच उदाहरण घ्या. उत्पादकाच्या साइटवरून फॅमिली, म्हणजे त्या वस्तूचं तयार मॉडेल, उतरवली, त्यात पंख्याची पाती आहेत, दाराची हँडल आहेत, नावाची पट्टी आहे. पण क्लायंटने अजून मेकच फायनल केलेला नाही. डिटेल बघाल तर ४०० ला लाजवेल असं, डेव्हलपमेंट मात्र २०० च, कारण उद्या दुसरा मेक आला तर लांबी, वजन, पाइपची कनेक्शन सगळं बदलणार. स्ट्रक्चरवाल्याने ते मॉडेल बघून पेडेस्टल ओतलं तर? याउलट एखादा साधा ठोकळा ३०० असू शकतो, त्याचं माप आणि जागा ठरलेली असेल तर.

२०१३ मधे याच पायावर अमेरिकेत उद्योगातल्या लोकांनी मिळून एक सविस्तर स्पेसिफिकेशन काढलं, भिंत, बीम, डक्ट, पायलिंग अशा प्रत्येक एलिमेंटला चित्रांसकट. आकडे शंभराच्या पटीत असल्यामुळे मधे जागा होती, तिथे ३५० बसवलं. ३५० का लागलं हे कोऑर्डिनेशन करणाऱ्याला सांगायला नको. ३०० मधे डक्टचा आकार आणि मार्ग बरोबर असतो पण हँगर नसतात, फ्लँज नसतात, भिंतीतून जाताना लागणारी जागा नसते, आणि फॉल्स सीलिंगच्या वर खरी मारामारी त्याच जागेची असते. ३५० मधे शेजारच्या ट्रेडशी (पाइप, वायरिंग अशा दुसऱ्या कामांशी) जुळणारे भाग आले. ४०० मधे प्रत्यक्ष बनवायला लागेल ते. आणि ५०० बद्दल त्या स्पेसिफिकेशनने स्पष्ट सांगितलं की ती ४०० च्या पुढची पायरी नाहीच, साइटवर जाऊन मोजून खात्री केली एवढाच तिचा अर्थ, म्हणून त्यांनी तिची चित्रं काढली नाहीत. त्याच कागदात अजून एक वाक्य आहे जे आपल्याकडच्या प्रत्येक टेंडर लिहिणाऱ्याने वाचायला हवं: एलओडी ३०० मॉडेल अशी काही गोष्ट नसते. एलओडी एलिमेंटचा असतो. एकाच फाइलमधे कॉलम ३५० ला, पार्टिशन २०० ला आणि फर्निचर १०० ला असणं अगदी बरोबर आहे.

आणि आपल्या टेंडरमधे काय असतं? "संपूर्ण मॉडेल एलओडी ५००." कुठलं स्पेसिफिकेशन, कुठल्या वर्षाचं, कोण मोजणार, काही नाही. मी काम केलेल्या एका प्रोजेक्टला क्लायंटच्या माणसाने हाच आकडा धरून प्लगच्या सॉकेटचे स्क्रू मागितले होते, आणि त्याच मॉडेलमधलं पंपरूम साइटशी एकदाही कोणी पडताळलेलं नव्हतं. ५०० चा जो एकमेव अर्थ, तोच राहून गेला.

इकडे ब्रिटनमधे वेगळंच चाललेलं. तिथल्या सरकारने मे २०११ मधे जाहीर केलं की २०१६ पर्यंत सरकारी कामांना कोलॅबोरेटिव्ह ३डी बिम लागेल, आणि त्या घाईत २०१३ च्या सुरुवातीला पीएएस ११९२-२ हे ब्रिटिश स्पेसिफिकेशन आलं. त्यात एलओडी म्हणजे लेव्हल ऑफ मॉडेल डिटेल, म्हणजे पुन्हा डिटेलच, आणि माहितीसाठी वेगळा शब्द एलओआय, लेव्हल ऑफ मॉडेल इन्फर्मेशन. दोन्ही मिळून लेव्हल ऑफ डेफिनिशन, त्याचंही संक्षिप्त रूप लोकांनी एलओडीच केलं. आकडे १ ते ७, आणि ते प्रोजेक्टच्या स्टेजला बांधलेले, १ म्हणजे ब्रीफ, ४ म्हणजे डिझाइन, ७ म्हणजे इमारत वापरात. म्हणजे अमेरिकेत एलिमेंटवर असलेली गोष्ट इथे अख्ख्या टप्प्यावर गेली, भरवशाचा मुद्दा मागे पडला, आणि अक्षरं मात्र तीच ठेवली. पाच वर्षं आधीपासून जगभर चालू असलेली तीन अक्षरं वेगळ्या अर्थाने उचलणं ही मला तरी मोठी चूक वाटते. त्यांची बाजू अशी की माहिती आणि भूमिती वेगळी करणं गरजेचं होतं, आणि ते खरंच होतं, दाराची फायर रेटिंग भूमितीत दिसत नाही. पण त्यासाठी नवीन नाव घेता आलं असतं. परिणाम काय झाला तर ब्रिटनच्या कामात कोणी एलओडी ४ लिहिलं की आपल्याकडे कोणीतरी ते ४०० समजतो. ४ म्हणजे टेक्निकल डिझाइन, ४०० म्हणजे शॉप फॅब्रिकेशन, दोन्हीच्या तासांमधे केवढा फरक पडतो ते कोटेशन बनवणाऱ्याला विचारा. शिवाय इटलीने ए ते जी अक्षरं लावली, आणि शहरांच्या ३डी नकाशांमधे ० पासून मोजलेला एलओडी वेगळाच, त्याचा बांधकामाशी संबंधच नाही. स्मार्ट सिटीच्या कामात हे दोन्ही एकाच मीटिंगमधे येतात तेव्हा फार गोंधळ होतो.

२०१८ च्या शेवटी बिममधली माहिती कशी सांभाळायची त्याचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आयएसओ १९६५०, त्याचे पहिले दोन भाग आले आणि त्यात एलओडी हा शब्दच नाही. त्याऐवजी लेव्हल ऑफ इन्फर्मेशन नीड. आकडा नाही, पायऱ्या नाहीत. कशासाठी हवंय तेवढंच मागा, आणि जास्त माहिती देणं हाही दोषच, हे त्यात लिहूनच ठेवलंय. मग २०२० मधे युरोपात त्यासाठी ईएन १७४१२-१ हे स्टँडर्ड आलं, २०२४ मधे त्याची जागा आयएसओ ७८१७-१ ने घेतली. पद्धत अशी की आधी चार गोष्टी ठरवायच्या, कशासाठी, कधी, कोण देणार, कुठली वस्तू. त्यानंतर भूमिती किती, अक्षरी माहिती कुठली आणि सोबत कुठले कागद. २००८ च्या त्या तक्त्यातला "कोण, कधी, कशासाठी" हा प्रश्न फिरून परत आला असं मला वाटतं, फक्त आकडा काढून टाकला.

आयएसओने बाकी शब्दही हलवले. सगळ्यात फसवा ईआयआर. पीएएसमधे तो एम्प्लॉयर्स इन्फर्मेशन रिक्वायरमेंट्स होता, क्लायंटने एकदा द्यायचा कागद. आयएसओमधे एक्सचेंज इन्फर्मेशन रिक्वायरमेंट्स झाला, आणि तो प्रत्येक नेमणुकीला लागतो, म्हणजे मुख्य कॉन्ट्रॅक्टरनेही आपल्या एमईपी (एसी, वीज, प्लंबिंगच्या) सबकॉन्ट्रॅक्टरला आपला ईआयआर द्यायचा. एम्प्लॉयर, कॉन्ट्रॅक्टर ही नावं काढून अपॉइंटिंग पार्टी, लीड अपॉइंटेड पार्टी, अपॉइंटेड पार्टी अशी आली, कारण प्रत्येक देशाचे करार वेगळे. हेतू बरोबर आहे पण साइटवर कोणी असं बोलत नाही, तिथे क्लायंट क्लायंटच राहतो. बीईपी (बिम एक्झिक्यूशन प्लॅन) टिकला, तो अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या २००९-१० च्या गाइडपासून चालत आलेला.

सीडीई (कॉमन डेटा एन्व्हायर्नमेंट, सगळ्यांच्या फाइल ठेवायची सामायिक जागा) हा शब्द त्याच्याही आधीचा. २००७ च्या बीएस ११९२ या ब्रिटिश स्टँडर्डमधे चार कप्पे होते, वर्क इन प्रोग्रेस, शेअर्ड, पब्लिश्ड, अर्काइव्ह, आणि मूळ कल्पना ही की माझं अर्धवट काम तुला दिसणार नाही आणि मी शेअर केलेलं तू बदलणार नाहीस. सोबत एस१, एस२ असे स्टेटस कोड. एस१ कोऑर्डिनेशनसाठी, एस२ नुसत्या माहितीसाठी. आपल्याकडे सवय जीएफसी (गुड फॉर कन्स्ट्रक्शन) शिक्का बघायची, त्यामुळे एस२ चं ड्रॉइंग साइटला गेलेलं मी स्वतः पाहिलंय. पुढे सॉफ्टवेअर विकणाऱ्यांनी आपल्या क्लाउडलाच सीडीई म्हणायला सुरुवात केली आणि अर्थ कप्प्यांवरून लॉगिनवर आला. आयएसओने त्यावर सीडीई वर्कफ्लो आणि सीडीई सोल्यूशन असे दोन शब्द केले, तो फरक फार उपयोगी आहे, सोल्यूशन विकत घेतलं म्हणून वर्कफ्लो येत नाही.

लेव्हल २ हा शब्द तर आला आणि गेला. बिम किती पुढे गेलं ते दाखवणाऱ्या २००८ च्या ब्रिटिश पाचरीच्या आकृतीत ० ते ३ अशा पायऱ्या होत्या, ४ एप्रिल २०१६ पासून ब्रिटिश केंद्र सरकारच्या कामांना लेव्हल २ बंधनकारक झालं, आणि आयएसओ आल्यावर तिथल्याच मंडळींनी तो शब्द बाजूला ठेवला. आपल्याकडे प्रेझेंटेशनमधे अजून आहे. ४डी म्हणजे वेळ, ५डी म्हणजे खर्च इथपर्यंत बहुतेकांचं एकमत आहे, नागपूर मेट्रोमुळे ५डी हा शब्द मराठी पेपरांतही आला, पण ६डी म्हटलं की कोणी ऊर्जा म्हणतं कोणी देखभाल म्हणतं, आणि आयएसओ १९६५० अशी डीची मोजणी करतच नाही.

सध्या आमच्याकडे ब्रिटनच्या नवीन ईआयआरमधे लेव्हल ऑफ इन्फर्मेशन नीडचे तक्ते येतात. फायर डोअरसमोर लिहिलेलं असतं, हेतू हँडओव्हरनंतरची तपासणी, भूमिती साधी चौकट आणि उघडण्याची दिशा, माहिती रेटिंग आणि सिरियल नंबर, सोबत टेस्ट सर्टिफिकेट. अमेरिकेच्या कामाला एलिमेंटनिहाय ३५० चा तक्ता येतो. आणि भारतातल्या टेंडरमधे नुसता आकडा असला की आम्ही पहिल्या आरएफआयमधे (माहिती मागणाऱ्या पत्रात) विचारतो, कुठल्या स्पेसिफिकेशनचा, कुठल्या एलिमेंटला, आणि या मॉडेलवर विसंबून कोण काय करणार आहे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं साधारण येतात. तिसऱ्यासाठी मीटिंग लावावी लागते.