क्लॉकची जुळणी (जुने जपानी संगणक)

१९८० नंतरच्या दशकातील जपानी संगणकांवरचा खेळ लिहिणाऱ्याच्या मनात होता त्याच वेगाने चालावा, म्हणून प्रोसेसरची गती, म्हणजे ज्या ठोक्यांवर तो चालतो त्या क्लॉकचा वेग, कमी-जास्त करण्याची रीत. आपल्याकडे २८६-३८६ च्या पीसीवर ‘टर्बो’ बटण ज्यांनी दाबले आहे त्यांना यामागची कल्पना ओळखीची वाटेल. जपानी यंत्रांत मात्र प्रश्न एका बटणावर सुटत नाही.

मूळ कारण साधे आहे. दोन हालचालींमधला विराम अनेकदा रिकामे लूप (काहीच न करता पुन्हा पुन्हा चालणाऱ्या सूचना) फिरवून साधलेला असे आणि लूप किती वेळा फिरवायचे तो आकडा लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या यंत्रावर ठरलेला असे. प्रोसेसर दुप्पट वेगाचा झाला की विराम अर्ध्यावर येतो आणि शत्रूची विमाने हात हलवायच्या आत अंगावर येतात. पडद्याच्या उभ्या समक्रमणाची, म्हणजे पडद्यावर नवे चित्र सुरू होण्याच्या इशाऱ्याची, वाट पाहणारे खेळ या दोषातून सुटतात. एनईसी कंपनीच्या पीसी-९८०१ मालिकेच्या २४ किलोहर्ट्झ पडद्यावर हे समक्रमण सेकंदाला सुमारे ५६.४ वेळा होते, मग प्रोसेसर कोणताही असो.

गती बदलण्याची सोय साधारण १९८२-८३ पासून दिसते. फुजित्सूच्या एफएम-७ मध्ये (१९८२) आधीच्या एफएम-८ शी जुळणारी १.२ मेगाहर्ट्झची संथ गती निवडता येई. एनईसीच्या पीसी-९८०१एफ वर (१९८३) ५ व ८ मेगाहर्ट्झ, तर व्हीएम वर (१९८५) ८ व १० मेगाहर्ट्झ असे पर्याय होते. एनईसीच्याच पीसी-८८०१ मालिकेतील एमके-२ एसआर ने (१९८५) वेगळी वाट धरली. त्याच्या ‘व्ही१एस’ अवस्थेत प्रोसेसरचे क्लॉक तेच राहते, पण चित्रस्मृती (पडद्यावरचे चित्र साठवणारी स्मृती) वाचता-लिहिताना जुन्या यंत्रासारखे थांबे पडतात. ८ मेगाहर्ट्झचा पर्याय या मालिकेत १९८६ च्या एफएच व एमएच पासून आला.

पीसी-९८०१ वरील आकडे मात्र नीट तपासून घ्यावे लागतात. ‘१० मेगाहर्ट्झ’ म्हणजे प्रत्यक्षात ९.८३०४, आणि ‘८ मेगाहर्ट्झ’ म्हणजे ७.९८७२. पहिला आकडा २.४५७६ ची चौपट, दुसरा १.९९६८ ची चौपट. मालिकेतील यंत्रे या दोन मूळ क्लॉकच्या घराण्यांत विभागलेली आहेत, आणि वेळमापक चिपलाही हेच मूळ क्लॉक मिळते. त्यामुळे २.४५७६ गृहीत धरून लिहिलेले संगीत ८ मेगाहर्ट्झच्या घराण्यातील यंत्रावर सुमारे १९ टक्के संथ वाजते. काळजीने लिहिलेला खेळ सुरुवातीलाच स्मृतीतील ५०१ (हेक्झाडेसिमल) या पत्त्यावरच्या बाइटचा सर्वांत वरचा बिट पाहतो. तो १ असेल तर यंत्र ८ मेगाहर्ट्झच्या घराण्यातले. ज्या खेळांनी हा बिट पाहिला नाही, त्यांच्यासाठी प्रोसेसरच्या वेगापेक्षा घराणे जुळवणे महत्त्वाचे ठरते.

पीसी-९८०१ मालिकेतील १९८६ च्या व्हीएक्स मध्ये इंटेलच्या ८०२८६ च्या जोडीला आणि १९८८ च्या आरए मध्ये ३८६ च्या जोडीला एनईसीने स्वतःचा व्ही३० प्रोसेसरही ठेवला. याचे कारण दोन अंगांनी सांगितले जाते. जुने खेळ जुन्या वेगाने चालावेत, हे एक. व्ही३० ला स्वतःच्या काही खास सूचना आहेत आणि त्या इंटेलच्या प्रोसेसरांना कळत नाहीत, हे दुसरे. दुसरे कारण अधिक पटणारे आहे; केवळ वेगच हवा असता तर ३८६ ला संथ करूनही भागले असते. पुढे व्ही३० गेला. मग ‘हेल्प’ कळ दाबून धरून यंत्र सुरू करायचे आणि पडद्यावरच्या मेनूत प्रोसेसरची गती खाली आणायची, एवढाच उपाय उरला.

संगीतातील बिघाड याहून सूक्ष्म आहे. पीसी-९८०१-८६ या ध्वनिपट्टीवरील यामाहाच्या वायएम२६०८ चिपला एफएम रजिस्टरमध्ये (सूर ठरवणारे आकडे ठेवण्याच्या जागेत) मूल्य लिहिल्यावर स्वतःच्या क्लॉकच्या ८३ ठोक्यांची उसंत लागते, म्हणजे ७.९८७२ मेगाहर्ट्झला सुमारे १०.४ मायक्रोसेकंद. ही उसंत रिकाम्या सूचनांनी भरलेली असेल तर व्ही३० वर गाणे नीट वाजते. ४८६ त्या सूचना क्षणात संपवतो, पुढचे मूल्य चिप घेत नाही आणि मधलेच सूर गळतात. एनईसीने यासाठी ५एफ (हेक्झाडेसिमल) हे पोर्ट (प्रोसेसरने बाहेरच्या चिपांशी बोलण्याचा पत्ता) दिले होते. त्यावर एकदा लिहिले की किमान ०.६ मायक्रोसेकंद जातात, प्रोसेसर कितीही वेगवान असला तरी. खेळ गतीने ठीक पण सुरांत तुटक वाटला, तर आधी इथे पाहावे.

नेको प्रोजेक्ट-२ या पीसी-९८०१ च्या एम्युलेटरमध्ये (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) मूळ क्लॉक आणि गुणक वेगवेगळे निवडावे लागतात, ते याच रचनेमुळे. व्हीएम च्या १० मेगाहर्ट्झसाठी २.४५७६ आणि ४ ही जोडी घ्यावी. गुणक वाढवून ४८६ मिळतो असे समजू नये; तेवढ्याच ठोक्यांत ४८६ बरेच अधिक काम उरकतो.

शार्पच्या एक्स६८००० वर (१९८७, १० मेगाहर्ट्झ) ही अडचण फारशी नव्हती. १९९१ च्या एक्सव्हीआय वर १६ आणि १० मेगाहर्ट्झ यांतून निवड करता येई. १९९३ च्या एक्स६८०३० वर मात्र कॅश (प्रोसेसरमधली छोटी वेगवान स्मृती) बंद करूनही काही खेळ चालत नाहीत, कारण व्यत्यय (चालू काम थांबवणारा इशारा) आल्यावर ६८०३० हा प्रोसेसर स्टॅकवर (परतताना लागणाऱ्या माहितीच्या स्मृतीत) जी माहिती ठेवतो तिची मांडणी आधीच्या ६८००० प्रोसेसरपेक्षा वेगळी आहे. एमएसएक्स टर्बो आर ने (१९९०) वेगवान आर८०० प्रोसेसरशेजारी ३.५८ मेगाहर्ट्झचा झेड८० तसाच ठेवला.